बंब उघडायचा की न्हाई

गफूरचाचा कुणाच्याही घरी बंब बघायला गेले की आधी एक पांढरी कपबशी मागत. घरच्यांना वाटे, म्हाताऱ्याला चहा हवा आहे. चाचा मात्र कप घेऊन थेट न्हाणीघरात जात, रात्रभर थंड राहिलेल्या बंबाची तोटी उघडत आणि पहिलं पाणी त्या कपात धरत. मग उजेडाला येऊन कप डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहत. पाण्यात पांढरे कण असले तर आत खार धरला आहे, तांबूस गाळ असला तर तो विहिरीचा आहे आणि पाणी हिरवट दिसलं तर तांबंच झिजतं आहे, असा त्यांचा हिशेब होता. शेजारी उभ्या असलेल्या बाईला ते म्हणत, "आधी पाण्याला इचारा. मंग माणसाला बोलवा."

मी वसमतला शिक्षक म्हणून आलो ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. शाळा मिळाली, पण खोली मिळेना. घरमालक हसून दार उघडायचे, गाव विचारायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव सांगितलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. आठवडाभर मी शाळेच्याच एका वर्गात झोपलो. शिपायाने मला गफूरचाचांकडे नेलं. तांब्यापितळेची भांडी दुरुस्त करणारा, सत्तरीकडे झुकलेला उंच माणूस अंगणात बसून एका घागरीचा पोचा काढत होता. त्याने आडनाव विचारलं नाही. "मास्तर, पाणी लांबून आणावं लागते. चालंल का?" एवढंच विचारलं. चालेल म्हणालो. त्या घरात मी पाच वर्षं राहिलो.

आमच्या भागातलं विहिरीचं पाणी जड. डाळ शिजायला वेळ लागायचा आणि बंबात दोन-तीन वर्षांत आतून खाराचा थर धरायचा. मग पाणी तापायला कापसाच्या वाळक्या काड्यांची, म्हणजे पऱ्हाटीची, दुप्पट मोळी लागायची आणि तोटीतून नुसती करंगळीएवढी धार यायची. असं झालं की लोक बंब उघडून साफ करायचा विचार करत आणि चाचांना बोलावत. चाचा कपात पाणी बघत, नंतर बोटाच्या पेरांनी बंबाला वरपासून खालपर्यंत ठोकत जात. जिथे आवाज खणखणीत तिथे आत भांडं मोकळं, जिथे बद्द तिथे थर. शेवटी बंब पेटवायला लावून त्याच्या अंगाला तळहात टेकवत. वर चटका आणि खाली गार लागलं की खाली थर जाड आहे म्हणून मान हलवत.

इतकं सगळं करून दहातल्या सहा घरी ते सांगत, "काही करू नका. तोटी तेवढी साफ करा." काम नको असलेला असा कारागीर मी दुसरा पाहिला नाही. एकदा मी त्यांना तसं म्हणालो. ते म्हणाले, "मास्तर, भांडं खोलणं सोपं हाय. परत बसवणं तकलीफचं. उगंच कोणाचं काहून खोलायचं?"

गावात एका वकिलाच्या घरी मोठा जुना बंब होता. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, पाहुणे येणार होते आणि पाणी तापता तापत नव्हतं. वकिलीणबाईंनी चाचांना बोलावलं. सुट्टी होती म्हणून मीही बरोबर गेलो. पाणी हिरवट निघालं. चाचांनी बंब ठोकला, तर खालून सगळीकडे आवाज बद्द.

"खार लई हाय," ते म्हणाले. "पन आता काढू नका."

"खार आहे म्हणताय आणि काढू नका म्हणताय?" बाईंनी विचारलं.

"बाई, खालचं तांबं कागदावानी झालं. आता ह्यो खारच भांडं धरून हाय. खार काढला की पाणी विस्तवात."

बाईंना ते पटलं नाही. त्यांनी दुसऱ्या गावाहून एकाला बोलावून तेजाब ओतून बंब लख्ख करून घेतला. लग्नाच्या दिवशी पहाटे त्यांचा गडी धावत आमच्या दारात आला. बंब गळत होता, विस्तव विझला होता, वऱ्हाड खोळंबलं होतं. चाचा नमाज आटोपून लगेच निघाले. बंब बाजूला सारला, परसात तीन चुली मांडल्या आणि हळद शिजवायची मोठी कढई शेजारून आणून तिच्यात सगळ्यांचं पाणी तापवून दिलं. बाईंना एका शब्दाने बोलले नाहीत. परत येताना मी म्हणालो, "तुम्ही आधीच सांगितलं होतं, हे त्यांना म्हणायला हवं होतं."

"तसं म्हणून पाणी गळायचं थांबते का?" चाचा म्हणाले.

गावभर फिरणारा हा माणूस घरात मात्र फार एकटा होता. चाची वारल्याला चार वर्षं झाली होती. एकुलती मुलगी बिदरकडे दिलेली होती आणि तिचं पत्र ईदेला यायचं. संध्याकाळी चाचा अंगणात बाज टाकून बसत आणि मी वह्या तपासत बसे. दोघांमध्ये तासतासभर बोलणं नसे. मलाही त्या गावात दुसरं कुणी नव्हतं. शाळेतले सहकारी शाळेत बरे बोलायचे, घरी कुणी बोलवत नसत. वही मिटली की चाचा विचारत, "झालं?" मी "झालं" म्हणे. मग ते चहा टाकत.

अंगणाच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली झाकलेला एक बंब होता. गावाचे बंब बघणारे चाचा स्वतः मात्र पौषातल्या थंडीतही विहिरीच्या गार पाण्याने आंघोळ करत. पहिल्याच हिवाळ्यात मी विचारलं, "चाचा, आपला बंब बिघडलाय का?"

"बिघडला न्हाई. तुमच्या चाचीचा हाय." गोणपाटाचं टोक सारखं करत ते म्हणाले, "ती असताना रोज पेटायचा. माझा सदरा ती झाकणावर ठेवायची, गरम व्हायला. आता एका माणसासाठी कोण पेटवते?"

आता घरात आम्ही दोन माणसं झालो होतो, हे मला त्यांना सांगता आलं नाही. मीही गार पाणीच घेत राहिलो.

तिसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. गावाकडे कळवलं, पण आई स्वतः अंथरुणाला खिळलेली होती, तिला येणं शक्य नव्हतं. चाचांनी तीन आठवडे माझं सगळं केलं. पेज शिजवली, कपाळावर घड्या ठेवल्या, अंथरूण धुतलं. त्या दिवसांत ते कुणाचाही बंब बघायला गेले नाहीत. ताप उतरल्यावर डॉक्टर म्हणाले, चार दिवसांनी कढत पाण्याने आंघोळ करू द्या. त्याच दुपारी चाचांनी कोपऱ्यातल्या बंबावरचं गोणपाट काढलं.

मी दारात पांघरूण घेऊन बसलो होतो. त्यांनी बंबात पाणी भरलं, रात्रभर राहू दिलं आणि सकाळी आमच्याच घरातला कप घेऊन तोटी सोडली. कप उजेडात धरला. मला बसल्या जागेवरून दिसलं, पाणी हिरवं होतं. मग ते ठोकत गेले. खालून सगळीकडे बद्द आवाज आला. बराच वेळ ते बंबावर हात ठेवून बसून राहिले.

"चाचा, राहू द्या," मी म्हणालो. "भगुण्यात तापवू पाणी."

"भगुणं अंग पुसायला पुरते. आजाऱ्याला धडाची आंघोळ लागते."

"वकिलीणबाईंना तुम्हीच नाही म्हणाला होतात."

"ते लोकांचं भांडं होतं, मास्तर. हे माझं हाय."

त्यांनी तेजाब वापरला नाही. बंब उघडला, त्यात चिंचेचं पाणी भरून ठेवलं आणि दोन दिवस लाकडी पट्टीने हळूहळू खरवडत राहिले. खाराचे पापुद्रे निघत होते. ते फेकून न देता गोणपाटावर एका बाजूला ठेवत होते. मधेच एक जाड तुकडा हातात धरून म्हणाले, "हे तिच्या टायमाचं असंल." तिसऱ्या दिवशी त्यांनी सांध्यांना झाळ दिली, तळाशी दोन ठिकाणी ठिगळं लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बंब न्हाणीत नेऊन पेटवला.

अर्ध्या तासात पाणी तापलं. मला न्हाणीत पाटावर बसवून त्यांनी स्वतः माझ्या पाठीवर पाणी ओतलं. पंचवीसेक दिवसांनी अंगावर कढत पाणी पडलं. अशक्तपणामुळे असेल, पण मला रडू आलं. चाचा म्हणाले, "डोळे मिटा, साबण जाईल."

मला कोरडं करून, सदरा घालून त्यांनी बाजेवर बसवलं. तेवढ्यात आतून चर्र असा आवाज आला. बंबाचा तळ सुटला होता. पाणी विस्तवावर पडलं आणि वाफ अंगणात पसरली. चाचा धावले नाहीत. वाफ निवेपर्यंत उभे राहिले आणि मग माझ्याजवळ येऊन बसले.

"तुमची आंघोळ झाली ना?"

"झाली."

"मंग झालं."

मी भिंतीला धरून उठलो. न्हाणीत माझ्यासाठी भरलेली एक बादली तशीच उरली होती आणि पाणी अजून चांगलं गरम होतं. मी म्हणालो, "चाचा, ह्या पाण्याने तुम्ही आंघोळ करा." ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ते पंचा घेऊन आत गेले. आतून तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. मधे तो थांबला आणि बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

तो बंब पुन्हा दुरुस्त झाला नाही. पण त्या दिवसापासून चाचा रोज सकाळी चुलीवर मोठं पातेलं ठेवू लागले. त्यात दोघांचं पाणी तापे.

पुढे माझी बदली कनेरगाव नाक्याकडच्या एका शाळेत झाली. चाचा एसटी स्टँडवर आले, माझी ट्रंक टपावर चढवली जाईपर्यंत थांबले. मी म्हणालो, "दिवाळीच्या सुट्टीत येतो." ते म्हणाले, "या. पन येणार म्हणून लिहू नका. वाट बघावी लागते." गाडी हलायच्या आधीच ते वळून चालू लागले.

मी दिवाळीला गेलो नाही. नवी शाळा, आईचं आजारपण, मग लग्न. दीड वर्षाने गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारच्या रजियाबींनी दारातूनच सांगितलं, "भाद्रपदात गेले. दोन दिवस दार उघडलं न्हाई तवा आमाला कळलं." मुलगी येऊन सामान घेऊन गेली होती.

रजियाबींच्या जावयाने मला कबरस्तानात नेलं. पावसाने माती बसली होती आणि गवत वाढलं होतं. त्याने लिंबाखाली शेजारशेजारच्या दोन कबरींकडे हात केला. दगड एकीवरही नव्हता.

"यातली कोणती?" मी विचारलं.

त्याने पायाने गवत सारून पाहिलं. "दोन्ही त्याच महिन्यातल्या हायत. आता बराबर सांगता येत न्हाई."

तो फाटकापाशी जाऊन थांबला. मला त्यांची दुवा येत नव्हती. मी एकीपाशी थोडा वेळ बसलो. मग उठून दुसरीपाशी तेवढाच वेळ बसलो.