कपाटातला पुरावा

पत्नीच्या स्तनातील गाठीचा अहवाल आला, तेव्हा ई-कॅडहेरिन हा शब्द मी प्रथम वाचला. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे हे प्रथिन. ते शोधणारे प्रतिपिंड गाठीचा पातळ काप असलेल्या काचपट्टीवर सोडतात आणि प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. अहवालात 'रंग नाही' असा शेरा होता. म्हणजे गाठ विखरून पसरणाऱ्या जातीची, आणि शस्त्रक्रिया मोठी.

मी काचपट्टी आणि गाठीचा मेणात बसवलेला तुकडा प्रयोगशाळेतून मागून घेतला आणि यवतमाळातील पॅथॉलॉजीच्या एका निवृत्त प्राध्यापकांना काचपट्टी दाखवली. "अहो, शेजारच्या निरोगी दूधनलिकाही कोऱ्या आहेत," ते म्हणाले. "त्या रंगायलाच हव्या होत्या. प्रतिपिंडच निकामी झालेलं दिसतंय."

साक्षीदार बेशुद्ध होता आणि त्याच्या मौनावर निकाल दिला गेला होता.

प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ बाईंनी लपवले काही नाही. "काकाजी, लाइन गेलती, दोन दिवस फ्रिज बंद व्हता, त्यातली शीशी खराब झाली असन. तो तुकडा द्या, नवी शीशी आली हाये, परवा रिपोर्ट देतो."

"आधी चूक लेखी द्या."

"लेखी कायले पायजे? तपासून देऊन राह्यलो ना!"

मी तुकडा दिला नाही. तो पुरावा होता. लोखंडी कपाटात कुलूपबंद करून मी पहिली नोटीस रजिस्टर पोस्टाने धाडली, मग दुसरी, मग तिसरी. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. त्यात चार महिने गेले आणि शस्त्रक्रियाही मी तोवर थांबवून ठेवली होती.

"अवो, माह्या गाठीले कपाटात कायले ठेवलं?" पत्नी म्हणाली. "तिथं ते बरी होते काय?"

अखेर तो तुकडा नागपूरला नेला. नलिका रंगल्या, गाठही रंगली. पहिला अहवाल साफ चुकीचा होता. तोवर काखेतही गाठी लागत होत्या. लहान शस्त्रक्रियेने भागले असते का, हे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी केमोची तारीख दिली.

ग्राहक आयोगाकडील तक्रारीचा मसुदा मी पत्नीला वाचून दाखवला. डोक्याला रुमाल बांधून ती डोळे मिटून ऐकत होती.

"परवा रिपोर्ट देतो म्हणलतं त्या बाईनं. ते काहून नाही लिवलं?"

प्रयोगशाळेचा निष्काळजीपणा त्याने तसूभर कमी होत नाही, असे मी म्हणालो. तिने डोळे उघडून पेन माझ्यापुढे सरकवला. मी त्या बाईंचे वाक्य मसुद्यात घातले. त्या वाक्यापुढे माझे प्रकरण टिकणार नाही, हे कळायला मला वकील लागत नाही.