अंजनाआत्याने नदी लिहिली नाही

माझी आत्या अंजना फार हट्टी होती, असं गावातले लोक अजून सांगतात. सांगू देत. हट्टी नसती तर मेंढरांमागेच तिचा जन्म गेला असता.

१९४६ साली ती कवठे महांकाळजवळच्या आमच्या वाडीत सातवीला होती. सातवीची फायनल पास झाली की मास्तरीण होता यायचं. नापास झाली तर त्याच उन्हाळ्यात लग्न, असं माझ्या आज्यानं, म्हणजे तिच्या आप्पांनी, ठरवून टाकलं होतं.

हंबीरराव मास्तर उंब्रजचे, कृष्णाकाठचे. दर वर्षी निबंधाला ते एकच मजकूर पाठ करायला द्यायचे, 'नदीकाठची सकाळ'. विषय कोणताही येवो, नदी त्यात बसवायची. आम्हाला प्यायचं पाणी लांबून आणावं लागायचं, आणि वर्ग घडाघडा होड्या आणि घाट म्हणून दाखवायचा! मला तर आजही ऐकून संताप येतो.

आत्यानं पाठ करायला साफ नकार दिला.

"मी नदीच बघितली न्हाई, मास्तर. कशी लिवू?"

"सगळी लिहितात. तूच कोण मोठी लागून गेलीस?"

"कानावर दुसऱ्याची खूण असलेलं मेंढरू आमच्या कळपात घुसलं, तर आप्पा त्याच दिशी ज्याचं त्याला नेऊन देत्यात. आन् तुमी दुसऱ्याचं लिवलेलं माझं म्हणून दाखवायला सांगताय व्हय?"

मास्तरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. ती लिंबाखाली बसून स्वतःचं लिहू लागली. आधी काय दिसलं, मग काय घडलं, शेवटी आपल्याला काय वाटलं. दुसऱ्याचं बोलणं घेतलंच, तर 'आई म्हणते' असं नाव घालून.

फायनलला विषय आला 'आमचे गाव'. पोरांनी इमानेइतबारे वाडीतून नदी वाहवली. तपासणाऱ्यानं त्यांचे निबंध एकसारखे बघून त्या सगळ्यांना भोपळा दिला. आत्यानं आमची आटलेली विहीर लिहिली होती. ती एकटीच पास झाली.

पुढं शाळा तपासायला साहेब आले, तेव्हा मास्तरांनी तिला हाताला धरून पुढं केलं.

"हिचा निबंध मीच बसवून घेतला, साहेब."

आत्यानं हात सोडवून घेतला.

"न्हाई, साहेब. त्यो निबंध माझा हाय. मास्तरांचा बाकीच्यांनी लिवलाय."