चार मिनिटं आधीचा चंद्र

शरच्चंद्र वाळिंब्यांशी वाद घालू नये, हे कसबा पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाटबंधारे खात्यात खडकवासल्याच्या पाण्याची पातळी वहीत उतरवत हा माणूस निवृत्त झाला. पण पाण्याने त्याचं पोट भरेना, म्हणून नोकरीत असतानाच तो चंद्राच्या मागे लागला. दर संकष्टीला सकाळी बाबुराव वाण्याच्या दुकानाबाहेर एक फळा लागतो. त्यावर वाळिंब्यांच्या टपोऱ्या अक्षरात त्या रात्रीची वेळ असते. एका माघात लिहिलं होतं : 'आज चंद्रोदय रात्री ९.१४. कॅलेंडरात वेगळी वेळ आढळल्यास जाब कॅलेंडरला विचारावा.'

आता कॅलेंडरात वेगळी वेळ आढळायचीच. अगदी 'पुणे' म्हणून छापलेली वेळसुद्धा वाळिंब्यांच्या वेळेपेक्षा चार मिनिटं पुढची असायची. दुसरा कुणी असता तर त्याला स्वतःची शंका आली असती. वाळिंब्यांना मुंबईची आली. मुंबई आपल्या पश्चिमेला, तिथे चंद्र पुण्यापेक्षा चार मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे हे लबाड लोक मुंबईची वेळ उचलतात आणि वर पुण्याचं नाव चिकटवतात! झालं, सिद्ध झालं. पेठेलाही ते ताबडतोब पटलं, कारण मुंबईबद्दल वाईट ऐकायला पुण्यात पुरावा लागत नाही. एकतीस वर्षं निम्मी पेठ त्या फळ्यावर उपास सोडत आली.

वाळिंब्यांचा लाडका शब्द 'भूकेंद्री'. आकाशातल्या गोष्टींच्या जागा सांगणारी जाडजूड कोष्टकं ते दरवर्षी मागवत, त्यांच्या डोक्यावर तो शब्द असे. कुणी चुकून म्हणालं, "भूकेंद्री म्हणजे ते जुनाट, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो तेच ना?" की त्याचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

"ती समजूत मोडीत निघाली हो, शब्द नाही निघाला!" वाळिंबे कडाडत. "पृथ्वीच्या मध्यबिंदूवरून बघितलं तर अमुक ग्रह कुठे दिसेल, हे सांगायचं म्हणजे भूकेंद्री. सूर्यावरून बघून पंचांग काढू म्हणता? राहतं कोण तुमचं तिथे?"

त्या माघातल्या संकष्टीला त्यांची पुतणी स्वराली दुपारीच उगवली. हिंजवडीत तिची कंपनी बसगाड्यांचा माग ठेवण्याचं सॉफ्टवेअर बनवते. त्या दिवशी घरून काम होतं, म्हणजे काकूच्या हातचे मोदक होते.

"काका, आमचंही सगळं भूकेंद्रीच असतं," लॅपटॉप मिटत ती म्हणाली. "बस कुठे अडकलीय तेसुद्धा पृथ्वीच्या मध्यापासूनच मोजतात."

"मग बस चाळीस मिनिटं उशिरा का येते?"

"कारण ती पृथ्वीच्या मध्यातून येत नाही, ट्रॅफिकमधून येते."

वाळिंबे खूश झाले. घरात निदान एक तरी डोकं चालतंय म्हणून त्यांनी कौतुकाने आपली वही तिच्यापुढे ठेवली. स्वरालीने दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबली.

"काका, ही रीत सूर्योदयाची आहे ना?"

"मग? उगवणं ते उगवणं. सूर्याचं काय नि चंद्राचं काय!"

"पण कोष्टकातला आकडा पृथ्वीच्या मध्यावरचा आहे. तिथून वर जमिनीवर यायची पायरी कुठेय?"

वाळिंब्यांनी वही स्वतःकडे ओढून ते पान पुन्हा वाचलं. "अंगठा धरा डोळ्यांसमोर," ती म्हणाली. "आता एक डोळा मिटा. मग दुसरा. अंगठा हलतो ना? आणि लांबची ती खिडकी? ती काही हलत नाही. सूर्य खिडकीसारखा लांब, मध्यावरून बघा नाहीतर कसब्यातून बघा, फरक पडत नाही. चंद्र अंगठ्यासारखा जवळ. तुम्ही पृथ्वीच्या पोटात बसून चंद्र बघताय, काका. तिथे तो नऊ चौदाला उगवतो. आपल्याकडे नऊ अठराला."

"आणि कॅलेंडर?"

"कॅलेंडर बरोबर आहे."

वाळिंब्यांनी अंगठा बराच वेळ खाली घेतला नाही. हा डोळा मिट, तो डोळा मिट. अंगठा मेला हलतच होता. मुंबईची माफी मागायची वेळ आली होती, पण ती ते या जन्मी मागणार नव्हते. त्यांना लागलं ते वेगळंच.

एकतीस वर्षांपूर्वी त्यांना कावीळ झाली होती. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, कसबा गणपतीपुढे पदर पसरून सांगितलं होतं, हे उठू देत, जन्मभर संकष्टी करीन, चंद्र उगवल्याशिवाय घास घेणार नाही. वाळिंबे उठले. अंथरुणातून उठल्या उठल्या त्यांनी पहिलं गणित मांडलं ते तिच्यासाठी. बायकोने आपल्यासाठी दिवसभर उपाशी राहायचं, तर निदान तिची वेळ तरी आपण चोख काढून द्यावी! देवाधर्माशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, पण हे एक काम त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. आणि आता कळत होतं की चुकवण्यावाचून दुसरं काही केलंच नव्हतं. पावणेचारशे संकष्ट्या! दर खेपेला चंद्र उगवायच्या आधी चार मिनिटं तिच्या तोंडात घास, आणि तो घालणारे आपण.

"काकूला नका सांगू ना," स्वराली हळूच म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना! चूक मी केली, सांगणारही मीच."

आधी ते वाण्याकडे गेले आणि फळा पुसून लिहून आले : 'चंद्र ९.१८ ला उगवेल. चौकशी करू नये.' बाबुरावांनी चौकशी केली नाही. मग घरी येऊन वाळिंबे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. आनंदीबाई मोदकाला कळ्या पाडत होत्या.

"अगं, जरा चूक झालीय."

"दूध नासवलंत?"

"चंद्र," वाळिंबे म्हणाले, आणि पाणी पातळीचा अहवाल द्यावा तसं त्यांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. कोष्टक, पृथ्वीचं पोट, अंगठा, चार मिनिटं. "एकतीस वर्षं तुझं व्रत मोडलं मी. माझ्यासाठी केलेलं."

आनंदीबाईंनी मोदक ताटात ठेवला. पुढचा हातात घेतला.

"तुमच्या वेळेला जेवलंय कोण?"

"म्हणजे?"

"तुमच्या वेळेला तुम्ही जेवता. तुम्हांला भूक धरवत नाही. तुम्हांला वाढते आणि मी गच्चीत जाते. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीमागून तो वर येतो, डोळ्यांनी दिसतो, तेव्हा हळदकुंकू वाहते नि मग जेवते. पावसाळ्यात ढग असले की तुमच्या वेळेत अर्धा तास मिळवते." त्यांनी वर पाहिलं. "तुमच्या गणितावर विश्वास आहे हो माझा. पण नवस मी बोलले होते ना."

वाळिंब्यांना आधी हायसं वाटलं. मग ते संकष्टीची रात्र आठवू लागले. आपलं ताट आठवलं. मोदकावरचं तूप आठवलं, बातम्या आठवल्या, 'कशी वेळ काढली' म्हणून स्वतःशीच हसणंही आठवलं. समोर बायकोचं पान काही केल्या आठवेना. चंद्र कुठे असतो हे मिनिटावर सांगणाऱ्या माणसाला, त्या वेळी आपली बायको कुठे असते, हे एकतीस वर्षांत कळलं नव्हतं.

रात्री नऊ अठरा झाले. आनंदीबाईंनी ताट वाढायला घेतलं, तेव्हा वाळिंबे चपला घालून दारात उभे होते.

गच्चीत वारा बोचरा होता. टाकीमागे नुसता अंधार. दहा मिनिटांनी वाळिंब्यांच्या पोटातून असा काही आवाज आला की आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

"अजून किती?" वाळिंब्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? गणित तुमचं."

"ते पेठेचं. या गच्चीचं तूच सांग."

आनंदीबाईंनी टाकीकडे पाहिलं. तिच्या उजव्या कडेला उजेडाची बारीक रेघ धरली होती.

"आला," त्या म्हणाल्या. "तिथे नाही हो, इकडे या, माझ्या शेजारी. तुम्ही उभे आहात तिथून नाही दिसायचा."

वाळिंबे निमूटपणे दोन पावलं सरकले.