बडीशेपेची बशी आणि शमशेरभाई

शेवगावात चांगला वेटर कोण, असं कुणी विचारलं तर मी शमशेरभाईचं नाव घेईन. का, तेही सांगेन. बिल ठेवलं की तो पाठ करून उभा राहतो.

स्टँडच्या मागे रंगनाथशेठचं हॉटेल आहे. समोर माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे माझा दोन वेळचा चहा तिथंच. शमशेरभाई लग्नाआधीपासून त्या हॉटेलात आहे. त्याचे वडील गाद्या भरायचे. कापसाचा धुरळा याला सोसेना म्हणून हा हॉटेलात लागला आणि तिथंच मुरला. आता डोक्यावर केस उरले नाहीत, पण मिसळीच्या प्लेटा हातावर रचून आणण्यात अजून त्याचा हात कुणी धरत नाही.

गिऱ्हाईकाचं खाणं झालं की तो बिल आणि बडीशेपेची बशी टेबलावर ठेवतो आणि सरळ पाण्याच्या पिंपाकडे जातो. तिथं ग्लास विसळत उभा राहतो, आपल्याकडे पाठ करून. कुणी बशीत नोट ठेवो, कुणी नुसती बडीशेप तोंडात टाकून चालता होवो, त्याला ते दिसतच नाही. मी एकदा त्याला याबद्दल छेडलं. तो म्हणाला, "हात खिशात जातो का न्हाई ते बघत मी उभा ऱ्हायलो, तर मानूस निवांत बडीशेप तरी खाईल का?"

मला हे शंभर टक्के पटलं. नगरला एका एसी हॉटेलात वेटर असा डोक्यावर उभा राहिला होता की मी गुलाबजाम न चावता गिळला आणि शंभराची नोट ठेवून बाहेर पळालो. इतकी महाग माघार मी आयुष्यात घेतली नव्हती.

बाजारच्या दिवशी छबूबाई यायची. भाजी विकणारी, साठीच्या पुढची, बोलायला फटकळ. दुपारी माल कमी झाला की शेजारणीला पाल सांभाळायला सांगून ती यायची आणि शमशेरभाईच्या कोपऱ्यातल्या टेबलावर एक मिसळ, एक चहा घ्यायची. आठवड्यातून तेवढीच एक वेळ तिला कुणीतरी बसल्या जागी वाढायचं. बिलाचे पैसे ती चोख द्यायची आणि बशीशेजारी कोथिंबिरीची जुडी ठेवून जायची. ती जुडी शमशेरभाईच्या घरी, सकीनाभाभीकडे जायची. दोघांत याबद्दल कधी चकार शब्द झाला नसेल.

मग रंगनाथशेठ थकले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा राधाकृष्ण बसू लागला. पोरगा वाईट नाही. पण पुण्यात काय काय बघून आलेला. त्यानं प्रत्येक टेबलावर टिपेचा स्कॅनर चिकटवला आणि गल्ल्यावर बोलणारा स्पीकर ठेवला. टीप दिली की त्यातली बाई साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं सांगते. पहिल्या दिवशी मी हौसेनं पाच रुपये टाकले. "पाच रुपये प्राप्त झाले," बाई म्हणाली आणि चार टेबलांवरच्या माना माझ्याकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्यानं वीस टाकले. त्या डब्याचा मला मनापासून राग आहे, पण टिपा वाढल्या हे खोटं नाही. शमशेरभाईच्या मुलीच्या, अल्मासच्या, नर्सिंगच्या फीला त्यांचा हातभार लागला. म्हणून त्यानं तो डबा चालवून घेतला.

त्या आठवड्याच्या बाजारी छबूबाईनं नेहमीसारखी जुडी ठेवली. राधाकृष्णनं गल्ल्यावरून हसत हसत म्हटलं, "मावशी, टीप आता मोबाईलवर. आमच्या मशीनला कोथिंबीर खाता येत नाही." हॉटेल खो खो हसलं. त्याच्या मनात काही नव्हतं, थट्टाच होती. छबूबाईनं जुडी उचलली, कमरेची चंची सोडली, दहाचं नाणं बशीत टाकलं आणि मान खाली घालून गेली. तिला उलट उत्तर न देता जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं. फार वाईट वाटलं.

पुढच्या बाजारी ती आली नाही. पालातच भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसली. शमशेरभाईनं चहा पाठवला, तो तिनं परत धाडला. त्यानं राधाकृष्णला स्पीकर काढायला सांगून पाहिलं. राधाकृष्ण म्हणाला की भाई, हे मी तुमच्यासाठीच केलंय. भाई फडकं घेऊन कोपऱ्याकडे वळला. दिवसभर तो कोपऱ्यातलं टेबल पुसत होता आणि तिथं दुसऱ्या कुणाला बसूही देत नव्हता.

शेवटी संध्याकाळी तो पिशवी घेऊन बाजारात निघाला. मीही भाजीच्या निमित्तानं मागोमाग गेलो. त्यानं मेथी घेतली, पैसे दिले. छबूबाईनं हाताच्या सवयीनं वर मूठभर मिरच्या टाकल्या. भाईनं विचारलं, या मिरच्या केवढ्याच्या?

"वरच्याचे कुठं पैसे आस्त्यात?" ती म्हणाली. "ते आपलं राजीखुशीचं."

"मग मी ते पिशवीत घेतो, आन् माझ्या टेबलावर ठिवायची तुला लाज का वाटती, मावशी?"

छबूबाईनं भाजीवर पाणी मारलं. मग म्हणाली, "समदे हसले, शमशेर."

"मी न्हाई हसलो."

एवढंच बोलून तो परत आला. ती येईल की नाही, त्यालाही खात्री नव्हती. पुढच्या बाजारी मी चहा संपवून उगाच बसून राहिलो. दुपार कलल्यावर ती आली. थेट कोपऱ्यात गेली. शमशेरभाईनं मिसळ दिली, चहा दिला, शेवटी बशी ठेवली आणि पिंपाकडे जाऊन पाठ करून ग्लास विसळू लागला. छबूबाईनं बिलाचे पैसे ठेवले, पदराखालून कोथिंबीर काढून बशीशेजारी ठेवली आणि उठली. राधाकृष्ण बघत होता. हॉटेलही बघत होतं. डबा अर्थातच गप्प होता.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तसा शमशेरभाई, पाठ तशीच ठेवून, डब्यातल्या बाईच्या सुरात, साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं म्हणाला, "एक जुडी कोथिंबीर प्राप्त झाली."

कुणी हसलं नाही. राधाकृष्णनं मान खाली घातली. छबूबाई दारापर्यंत गेली होती, ती थांबली.

"दोन हायेत," ती ठसक्यात म्हणाली. "वळून बघ की जरा."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शमशेरभाईनं वळून बशीकडे बघितलं.