नरक्याची बरणी

नागापूरच्या औषध कारखान्यात मी झाडलोट करते. शाळा आठवीतच सुटली. तपासणीच्या मॅडम माणसांशी कमी बोलतात, नमुन्यांच्या बरण्यांशी मात्र पुटपुटत असतात. परवा स्टुलावर चढून मी वरच्या फळीवरची नरक्याच्या लाकडाची बरणी उघडली आणि त्या आल्या. नोकरी गेली, असंच वाटलं.

“या घाणीला सगळे नाक धरतात, आणि तुम्ही हुंगताय?”

“आमच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातलं झाड हाय, मॅडम. दिवाळीपासून घरी गेले न्हाई. आमी तर हे जळनालाबी घेत न्हाई.”

“यातून कॅन्सरवरचं औषध निघतं. डोंगरात आता फार थोडं उरलंय.”

दुसऱ्या दिवशी बरणी खालच्या फळीवर होती.

“स्टुलावरून पडाल एखाद्या दिवशी,” म्हणाल्या, आणि मला एकटीला तिथं ठेवून चहाला गेल्या.