नानांच्या दोन थापा

ज्यांच्यावर अन्याय झाला ते आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचे कोच, आणि झाला तो यंदाच्या धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, पोरांच्या कानामागचा रंगसुद्धा अजून निघाला नव्हता तेव्हा. हे आधी लिहून ठेवते. कारण पुढे मी त्यांच्या गमती सांगणार आहे, आणि गमती ऐकल्या की लोक हसतात, निवळतात आणि अन्याय विसरून जातात. आता दुसरी गोष्ट. उधन्यापासून कतारगामपर्यंत अख्खी सुरत पालथी घाला, इतका हट्टी, इतका थापाड्या आणि फुटबॉलच्या नियमांची इतकी कमी पर्वा करणारा कोच तुम्हाला सापडायचा नाही. आणि आम्हाला तेच परत हवे आहेत.

सगळे त्यांना नाना म्हणतात. माझ्या वडिलांचे ते खात्यातले जोडीदार. खातं म्हणजे लूमचं खातं, पत्र्याखाली दाटीने मांडलेल्या यंत्रमागांचा कारखाना. तिथे दिवसभर असा खडखडाट असतो की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी फक्त थुंकी पोचते. नानांचे कान त्या खडखडाटात गेले. माझ्या वडिलांचे अर्धे गेले. त्यामुळे आमच्या घरी साधं 'मीठ दे'सुद्धा मोर्चात आल्यासारखं बोलतात, आणि सभेत मला माइक लागत नाही त्याचं कारणही तेच. नाना खानदेशातले, गिरणाकाठचे. रात्रपाळी सुटली की घरी जाताना कॉलेजच्या मैदानातून आडवे जायचे. एकदा पोरं खेळत होती, नाना कडेला बसले, थोडा वेळ बघितलं, मग उठून आत शिरले आणि ओरडायला लागले, "पय रे पय! पाय शे का खांब शे?" पय म्हणजे पळ. पोरांना कोच नव्हताच, त्यांनी ओरडणाऱ्यालाच कोच मानलं. कॉलेजने त्यांना कधी नेमलं नाही. म्हणून त्यांना काढण्याचा प्रश्नच येत नाही, असं कॉलेज आता म्हणतं. किती स्वच्छ हात आहेत बघा.

नानांचा सराव होळीला सुरू व्हायचा आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपायचा. होळीनंतर ऊन तापतं आणि तापलेल्या उन्हात पाय सैल होतात, हे त्यांचं शास्त्र. आखाजीला थांबायचं, कारण खानदेशी माणूस आखाजीला गावी गेला नाही तर तो आजारी तरी आहे नाहीतर तुरुंगात तरी. बाकी जगात फुटबॉल कधी खेळतात याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. मैदानावर यायचे ते काखेत कापडी पिशवी घेऊन, आणि पिशवीत कळण्याची भाकरी आणि ठेचा. नाश्त्याला सुरती लोचो खाऊन आलेला मुलगा त्यांना लांबून वासावर कळायचा. आमचा कॅप्टन किशोर, बारडोलीचा पाटीदार, एकदा लोचोवर भरपूर शेव घालून खाऊन आला. नानांनी त्याचं तोंड हुंगलं, त्याला मैदानाबाहेर बसवलं आणि ठेच्यासकट भाकरी खाईपर्यंत उठू दिलं नाही. किशोरच्या डोळ्यांतून धारा. नाना खूश. "रडतोय म्हणजे लागलं. आता पळेल." पळाला, पण पाण्याच्या नळाकडे.

नाना थापा मारायचे. तरुणपणी गिरणेच्या कोरड्या पात्रात त्यांनी एक गोल मारला होता. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा चेंडू जाळी फाडून गेला होता. पुढच्या वर्षी तो जाळी फाडून पलीकडच्या काठावरच्या म्हशीला लागला. यंदा म्हैस गाभण होती. "आणि जाळी कुठून आली नाना, नदीच्या पात्रात?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "ओ पत्रक, तू गप बस." मी मैदानावर सभांची पत्रकं वाटायला जाते म्हणून माझं नावच त्यांनी पत्रक ठेवलं. माझी पत्रकं ते घ्यायचे, नीट घडी करायचे आणि त्यावर भाकरी ठेवून खायचे. एकदा मी चिडले, तर म्हणाले, "तुझ्या पत्रकाचा कुणाला तरी उपयोग होतोय ना?"

आणि ऑफसाइड. ऑफसाइड हा नियम आहे हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. "नाना, ऑफसाइड छे!" किशोर समजवायचा. हातवारे करायचा, मातीत काडीने रेघा ओढायचा. नाना शांतपणे बघायचे आणि म्हणायचे, "म्हणजे पुढे जाऊन उभं राहिलं हा गुन्हा?" हो नाना. "आणि मागे राहिलं तर?" तर चालतं. "मग हा नियम सेठलोकांनी केलेला आहे." किशोरने काडी फेकून दिली. आमच्या टीमचा एक तरी खेळाडू मॅचभर समोरच्या गोलकीपरच्या अंगाला खेटून उभा असायचा, आणि रेफरीचा हात वर राहून अवघडायचा.

शिट्टीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. नानांच्या गळ्यात एक पितळी शिट्टी असायची. तिच्यातली गोळी केव्हातरी पडून गेली. वाजायची बंद झाली, नुसती फुस्स करायची. नानांना ती आधीही ऐकू येत नव्हती, त्यामुळे त्यांना फरक कळला नाही. पोरांना कळला, पण एकानेही सांगितलं नाही. नानांचे गाल फुगले की पळायचं आणि बसले की थांबायचं, असं पोरांनी आपसांत ठरवून टाकलं. नवा मुलगा आला की जुना त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचा, "गाल पे ध्यान रख." मी बरीच आंदोलनं बघितली आहेत. इतकी बिनबोभाट एकजूट कुठे बघितली नाही.

तोंडाने मारायच्या थापा वेगळ्या, आणि डोक्यावर मारायच्या वेगळ्या. खात्यात ऐकू येत नाही म्हणून कामगार हातांनी बोलतात. अंगठा तोंडाकडे म्हणजे पाणी, बोटं फिरवली म्हणजे धागा तुटला, आणि डोक्यावर दोनदा थाप मारली म्हणजे सेठ आला. थाप दिसली की विडी विझते, गप्पा थांबतात, जो तो आपल्या लूमपाशी मान खाली घालून उभा राहतो. नानांनी ही सगळी भाषा जशीच्या तशी मैदानावर आणली. आमची टीम सुरतेतली एकमेव टीम असेल जी तोंडातून शब्द न काढता खेळायची. समोरच्यांना वाटायचं पोरं रुसली आहेत. डोक्यावर दोन थापा म्हणजे सगळ्यांनी आपापल्या जागी परत या. चांगली खूण होती. पण चलथाणच्या मैदानावर एका मॅचमध्ये आमची पोरं बॉल घेऊन थेट गोलपर्यंत पोचली, समोर कोणी नाही, आणि नानांच्या टकलावर माशी बसली. त्यांनी एकदा हाणली, माशी उठून परत बसली, त्यांनी दुसऱ्यांदा हाणली. अख्खी टीम बॉल तिथेच टाकून मागे वळली आणि मान खाली घालून आपापल्या जागी उभी राहिली. समोरच्यांना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी बॉल उचलून नेल्यासारखा नेला आणि गोल केला. परतीच्या टेम्पोत नाना टक्कल चोळत बसले. उधना आल्यावर एवढंच म्हणाले, "माशी सेठची होती."

आम्ही किती हसलो होतो.

आता धुळवडीच्या दुसऱ्या दिवसाकडे येते. पलीकडच्या गोलपोस्टजवळ आदल्या आठवड्यातच खड्डे खणून ठेवले होते. खांब येणार, जाळी लागणार, दिवे लागणार, कॉलेजचं मैदान बॉक्स क्रिकेटला भाड्याने जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सरावाची पोरं तेवढी मधे येत होती. पोरांना एकदम हाकलता येत नाही, म्हणून कोचपासून सुरुवात केली. नाना गाल फुगवून उभे होते, पोरं पळत होती, आणि पांढरी गाडी गवतावर आली. ट्रस्टी उतरले. त्यांची स्वतःची लूमची खाती आहेत. ज्या आवाजात नानांचे कान गेले, तसल्याच आवाजावर ती गाडी घेतलेली आहे. बरोबर नवा ट्रॅकसूट घातलेले स्पोर्ट्सचे सर.

"आ काका कोण छे?" ट्रस्टींनी विचारलं. माहीत नसल्यासारखं.

सर नानांजवळ गेले. "काका, आ उंमरमां घरे आराम करवानो होय." आणि ट्रस्टींकडे वळून, आपल्या कानावर बोट ठेवून, पंजा हलवला. बहिरा आहे. मग म्हणाले, "सीटी संभळाती नथी ने कोच बन्या छे!" शिट्टी ऐकू येत नाही आणि म्हणे कोच.

नानांना ऐकू येत नसलं तरी ओठ वाचता येतात. गुजराती ओठसुद्धा. आणि तेव्हा आमच्या किशोरने, नानांची बाजू घ्यायला म्हणून, पुढे होऊन जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की रडावं कळेना. तो म्हणाला, "सर, उसमें नाना का क्या कसूर? ये सीटी तो हमको भी सुनाई नहीं देती."

नानांनी त्याचे ओठ वाचले. गळ्यातली शिट्टी हातात घेतली. कानाशी नेऊन हलवली, सवयीने, जणू कान आहेत. मग बोट लावून बघितलं, आत गोळी नव्हती. त्यांनी एकेका पोराकडे बघितलं. पोरं खाली बघायला लागली.

मी तोवर ओरडायला सुरुवात केली होती. मैदान कोणाचं, कोणाच्या परवानगीने खणलं, सगळं. आवाज माझ्या घरचाच आहे, तो पोचला. पोरं पण एक एक पाऊल पुढे सरकली. किशोर तर ट्रस्टींच्या अगदी समोर. अजून थोडा वेळ गेला असता तर सगळी टीम गाडीभोवती असती. आणि नानांनी हात वर केला. माझ्याकडे बघत, मग पोरांकडे बघत, डोक्यावर दोन थापा मारल्या.

पोरं वळली. मान खाली घालून आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. किशोर सगळ्यांत शेवटी. ट्रस्टी सरांना म्हणाले, "छोकरा डाह्या छे." पोरं शहाणी आहेत. नानांनी पिशवी काखेत मारली आणि फाटकातून बाहेर गेले. मागे वॉचमनने कडी लावली.

मी संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेले ती भांडायलाच. "तुम्ही का थांबवलंत नाना? सगळे पुढे येत होते!" दोनदा ओरडावं लागलं, पहिल्यांदा त्यांची माझ्याकडे पाठ होती.

"तू काय, तू आज इथे पत्रक वाटशील, उद्या तिथे," नाना म्हणाले. "त्या पोरांना याच कॉलेजात परीक्षेला बसायचंय. सेठ तोंड ध्यानमा ठेवस." मग त्यांनी खुंटीवरची शिट्टी काढली. "खरंच वाजत नव्हती?"

"वाजत होती नाना," मी म्हणाले. "किशोर घाबरून काहीतरी बोलला."

नानांनी माझे ओठ वाचले आणि ते हसले. "तुले थाप मारता येस नही, पोर."

आता त्या ट्रॅकसूटवाल्या सरांकडे नवी शिट्टी आहे. तिचा आवाज उधन्याच्या मेनरोडपर्यंत जातो. पोरं त्या शिट्टीला पळतात, पण जरा उशिराने, आधी कुंपणाकडे बघून. कारण कुंपणाबाहेर, रसवंतीच्या हातगाडीशेजारी, सात वाजता नाना येऊन उभे राहतात. काखेत पिशवी असते. खूण करत नाहीत. एखाद्या पोराचा पाय चुकला तर त्यांचे गाल आपोआप फुगतात, आणि मग लक्षात येऊन बसतात. ते बघवत नाही. आखाजी जवळ आली आहे. अर्धी टीम गावी जाईल, आणि ती परत येईपर्यंत खांब उभे राहिलेले असतील.

म्हणून हे वाचणाऱ्या माणसा, तुला सांगते. तू या कॉलेजात शिकला असशील, तुझं पोर शिकत असेल, किंवा तू नुसता त्या रस्त्याने कामावर जात असशील, आखाजीच्या आधी एका सकाळी सात वाजता मैदानाच्या फाटकाशी ये. घोषणा द्यायला मी आहे. तू कडी काढ, नानांचा हात धर आणि त्यांना आत आण. ते घाबरतील. गाडी आलेली त्यांना तुझ्या आधी दिसेल, आणि तुझ्याकडे बघून ते डोक्यावर दोन थापा मारतील.

मारू दे. तू जागेवर जाऊ नकोस.