स्क्रममध्ये बोलायचं नसतं

संघात सगळे त्याला खांब म्हणायचे, आणि तो बोलायचाही खांबाइतकाच. चौदा वर्षं व्यावसायिक रग्बीत त्याने मानेवर आणि खांद्यांवर पोट भरलं. शेवटी मानेच्या मणक्यांनीच हात टेकले. तेव्हा रेडिओवाल्यांनी समालोचनासाठी त्याला एक सामना देऊन पाहिला. जमलं तर नोकरी, नाही तर घर.

काचेच्या केबिनमध्ये शेजारी मुरलेला निवेदक, कानात निर्मातीबाईंचा आवाज. पहिली वीस मिनिटं बरी गेली. मग स्क्रम लागला: आठांविरुद्ध आठ, डोकी एकमेकांत अडकवून रेटारेटी. निवेदकाने त्याला खूण केली आणि खांबाची दातखीळच बसली. चार सेकंद. आठ सेकंद. रेडिओवर एवढ्या वेळात लोक वीज गेली असं समजून उठतात.

“अहो, बोला ना! झोपलात का?” बाई कानात ओरडल्या.

स्क्रम सुटला, तसा त्याने माइकमध्ये भस्सकन श्वास सोडला. निवेदक दचकून मागे सरकला. नोकरी गेली, हे खांबाला कळून चुकलं. गेलीच आहे तर खरं सांगून मोकळं व्हावं, असं त्याने ठरवलं.

“माफ करा मंडळी, श्वास रोखला होता. जुनी खोड. आत बोललं की अंग सैल पडतं आणि समोरचा तुम्हाला उचलून फेकतो. त्याचा कान तुमच्या गालावर घासत असतो, त्याने चोळलेल्या मलमाचा वास येत असतो. आणि तोही घाबरलाय, हे फक्त तुम्हालाच कळतं.”

 बाई कानात म्हणाल्या, “थांबू नका. प्रत्येक स्क्रमला हेच हवंय मला.”

सामना संपल्यावर त्या एवढंच बोलल्या, “पुढच्या आठवड्यात वेळेवर या.” खांबाचा जीव भांड्यात पडला. जिन्यातूनच त्याने बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.  सामन्याच्या दिवशी दवाखान्यातून फोन येईल या धास्तीने ती फोन मुठीत धरून बसायची. चौदा वर्षांत तिने दुसरी रिंग कधी वाजू दिली नव्हती.

पाचव्यांदा उचलला.

“अगं, होतीस कुठे?”

“इथेच की, तुला ऐकत होते.” ती हसत होती. “फोन आतच राहिला बघ. आज कशाला हातात धरून बसू?”